वज्रलेप यांना भावपूर्ण श्रद्धांजली

गादी विकण्याच्या धंद्यात एक मोठी सोय आहे. गिऱ्हाईक एकदा आडवं झालं की त्याला फक्त छत दिसतं. तेवढ्या वेळात विक्रेता काय करतोय हे त्याच्या बापालाही कळत नाही. या गोष्टीतला विक्रेता तेवढ्या वेळात जग सुधारत असायचा.

जग म्हणजे 'खुला कट्टा' नावाची वेबसाइट. तिथे तीन दालनं होती. एकात कुठला ब्राउझर चांगला यावर भांडायचं, दुसऱ्यात तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर, आणि तिसऱ्यात धर्मावर. माणसं मात्र तिन्हीकडे तीच. सकाळी ज्याला ब्राउझरच्या दालनात गाढव म्हटलं, त्यालाच दुपारी धर्माच्या दालनात नरकात पाठवायचं, आणि मधल्या वेळेत फोनच्या बॅटरीवर चुकूनही त्याच्याशी एकमत होणार नाही याची काळजी घ्यायची. कुणीही कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. म्हणूनच तर सगळे इतकी वर्षं टिकले.

दुकानात मालक त्याला 'ए' म्हणायचे आणि गिऱ्हाईक 'जरा इकडे या' म्हणायचं. कट्ट्यावर त्याचं नाव वज्रलेप होतं. वज्रलेप कधीच हरला नव्हता. जिंकलाही नव्हता, पण तिथे त्याला महत्त्व नव्हतं. शेवटचं वाक्य आपलं असलं की झालं.

कट्ट्यावर प्रत्येक चर्चेखाली 'मान्य' असं एक करड्या रंगाचं बटण होतं. वेबसाइट बनवणाऱ्याने ते सुरुवातीच्या भाबड्या काळात बसवलं असावं. ते कुणी कधी दाबलं नव्हतं. ती नक्षी आहे असाच सगळ्यांचा समज होता.

आता त्याच्या बायकोबद्दल. ती गाडी चालवायला शिकवायची. तिच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक असायचा आणि तिच्याही पायाखाली एक असायचा. दिवसभर अनोळखी माणसांना खांबावर आदळण्यापासून वाचवून ती घरी यायची तेव्हा तिला बाजूला ब्रेक नसलेला नवरा दिसायचा.

तरी तिने बरंच चालवून घेतलं. पण मग तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

डोळ्यांच्या दवाखान्यात बायको औषधाचे थेंब आणायला खाली गेली. जाताना म्हणाली, "आईचं नाव पुकारतील. आत जा आणि हात धरून बाहेर आण. एवढंच काम आहे." तो म्हणाला, "एवढंच ना?" त्याच्या खिशात सासूबाईंचा चष्मा होता आणि हातात फोन. नेमकं तेव्हाच एकखिडकीने लिहिलं की ज्या माणसाच्या ब्राउझरमध्ये ढिगाने टॅब उघडे असतात त्याचं मन थाऱ्यावर नसतं, आणि असा माणूस संसारात टिकत नाही.

एकखिडकी म्हणजे वज्रलेपचा कट्टर वैरी. हा माणूस ब्राउझरमध्ये एका वेळी एकच टॅब उघडतो, ते वाचून झालं की बंद करतो आणि मगच दुसरा उघडतो. आणि याचा त्याला अभिमान. वज्रलेपच्या अंगाचा तिळपापड झाला. संसार टॅबवर अवलंबून नसतो हे त्याने सोदाहरण सिद्ध करायला घेतलं. आतून नाव पुकारलं गेलं. पुन्हा पुकारलं. तो तेव्हा तिसऱ्या उदाहरणावर होता.

शेवटी सासूबाई एकट्याच निघाल्या. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला चष्म्याशिवाय काही दिसेना. भिंत चाचपत त्या चादरी ठेवायच्या खोलीत शिरल्या आणि तिथल्या गठ्ठ्यावर बसून राहिल्या. बराच वेळ शोधाशोध झाली. सफाईवाल्या बाईंना त्या सापडल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही नर्सबाई का? मला वाटलं माझी माणसं गेली घरी."

बायको धापा टाकत आली. आईला पाहिलं, नवऱ्याला पाहिलं. त्या क्षणी त्याने दोन शब्द बोलायचे होते. तो म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या पाहिलं, तर पुकारा स्पष्ट नव्हता."

बायको त्याच दिवशी आईबरोबर माहेरी गेली.

संध्याकाळी तिचा मेसेज आला, "चुकलं म्हण, मग बघू." त्याने मुद्देसूद उत्तर पाठवलं. त्यात सात मुद्दे होते, दोन उपमुद्दे होते, आणि दवाखान्यांमधल्या सरासरी गोंगाटाबद्दलच्या एका अहवालाची लिंक होती. बायकोने उत्तर दिलं, "माझं चुकलं. दोन शब्द. मागे काही नको, पुढे काही नको. ते म्हणता येईपर्यंत येऊ नकोस आणि मीही येत नाही."

सुरुवातीला त्याला वाटलं, होईल शांत. मग घर इतकं शांत झालं की फ्रिज बंद होताना दचकायला व्हायचं. तिच्या बाजूची उशी तशीच फुगलेली. गाद्या विकणारा माणूस खुर्चीत झोपायला लागला.

मग त्याने ठरवलं, दोन शब्द तर आहेत, शिकून घेऊ. आरशासमोर उभा राहिला. "माझं" नीट आलं. ते नेहमीच नीट यायचं. "चु" पर्यंत गेला आणि जीभ टाळूला चिकटली. पुन्हा सुरू केलं तर तोंडातून "माझं चुकलं असं जर तुझं म्हणणं असेल" असं आख्खं वाक्य बाहेर पडलं. दुकानात एका आडव्या गिऱ्हाइकावर प्रयोग केला. गिऱ्हाईक म्हणालं, "गादी मऊ सांगितली होतीत, ही तर कडक आहे." त्याने दीर्घ श्वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "माझं... पाठ दुखत नाही ना तुमची?"

मालक गल्ल्यावरून हे बघत होते. मालक स्वतः दिवसातून दोनदा मालाची 'तपासणी' करत, म्हणजे झोपत. ते म्हणाले, "ए, तुला एवढं अवघड जातंय तर आधी परक्यांत बोलून बघ. पोहायला कुणी एकदम खोल पाण्यात शिकतं का? जिथे पाय टेकतात तिथे शिक."

हे त्याला पटलं. परक्यांची त्याच्याकडे कमतरता नव्हती. आता विषय असा हवा, की हरलो तरी काही बिघडणार नाही. धर्म नको, तिथे आत्म्याचा प्रश्न होता. बातम्या नकोत, तिथे इज्जतीचा प्रश्न होता. त्याने ब्राउझर निवडला. एकखिडकीबरोबरची टॅबची चर्चा गेली चार वर्षं चालू होती. चर्चा कसली, धर्मयुद्धच ते. दोघांच्या बाजूने माणसं उभी राहिली होती, फुटली होती, एकमेकांना मिळाली होती.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तो दुकानातल्या सगळ्यात मऊ गादीवर बसला, न जाणो चक्कर आली तर. त्याने लिहिलं, "माझं चुकलं." मागे काही नाही, पुढे काही नाही. आता करायचंच तर पूर्ण करावं म्हणून त्याने ते करडं बटणही दाबलं.

बटण नक्षी नव्हती. पडद्यावर आडवी हिरवी पट्टी आली. तिच्यावर लिहिलं होतं, "एकमत झाले आहे. चर्चा कायमची समाप्त." आणि चार वर्षांच्या त्या चर्चेला कुलूप लागलं.

त्याने फोन बंद केला, उशांच्या अभ्र्यांच्या खणात टाकला आणि खण लावून घेतला. दुसऱ्या दिवशीही तो खण उघडायचं धाडस झालं नाही. तिसऱ्या दिवशी तर त्याला चक्क गिऱ्हाइकांचे चेहरे दिसायला लागले.

इकडे कट्ट्यावर हाहाकार उडाला होता. हे त्याला नंतर कळलं. आधी लोकांना वाटलं की वज्रलेपचं खातं कुणीतरी चोरलं. पण खातं चोरणारा शिव्या घालेल, पैसे मागेल, चूक कशाला कबूल करेल? मग कुणीतरी म्हणालं, माणूस शेवटच्या घडीला असंच बोलतो. यावर पहिल्यांदाच कुणी वाद घातला नाही. तरी काही जणांना शंका होती. त्यांनी मुद्दाम बातम्यांच्या दालनात टाकलं, की एका प्रसिद्ध ब्राउझरने मागे जायचं बटण उजवीकडे नेलं. असलं काही ऐकल्यावर वज्रलेप जिवंत असता तर दोन मिनिटांत आला असता. कट्टा दिवसभर वाट बघत बसला. वज्रलेप आला नाही.

रात्रीपर्यंत श्रद्धांजलीचं पान तयार झालं. "कडवा, पण आपला माणूस." "त्यांनी मला चारदा मूर्ख म्हटलं, आज एकदा तरी म्हणायला हवं होतं." एकाने तर त्यांच्या स्मरणार्थ टॅब उघडे ठेवायची शपथ घेतली, आणि त्याचा कॉम्प्युटर जळाला.

वज्रलेपने पूर्वी कधीतरी, माझ्या फोनचा कॅमेरा तुझ्यापेक्षा सरस कसा हे दाखवायला, दुकानाच्या पाटीचा फोटो टाकला होता. पाटीवर पत्ता अगदी स्वच्छ आला होता. कॅमेरा खरंच चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं काचेचं दार ढकलून तीन माणसं आत आली. पुढे एक धिप्पाड गृहस्थ, दारातून तिरकंच यावं लागलं असे. त्यांच्यामागे हातात भलं मोठं पुष्पचक्र घेतलेला एक चष्मेवाला. आणि शेवटी पांढऱ्या केसांच्या एक ठेंगण्या बाई, खांद्याला पर्स, डोळे लाल.

"या, बसा," विक्रेता सवयीने म्हणाला. "सिंगल बघायचीय की डबल?"

धिप्पाड गृहस्थांनी हात जोडले. "आम्ही दुःखाच्या प्रसंगी आलोय. वज्रलेप इथेच काम करायचे ना?"

विक्रेत्याच्या हातातलं मोजपट्टीचं टोक सुटलं आणि ती सर्रकन गुंडाळली गेली. "करतात," तो म्हणाला. "म्हणजे, मीच."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "धक्का बसलाय याला," चष्मेवाला हळूच म्हणाला.

ओळखी झाल्या. धिप्पाड गृहस्थ जिममध्ये वजनं उचलायला शिकवायचे. ते कट्ट्यावरचे पायधूळ, देवाचे नम्र सेवक. चष्मेवाला म्हणजे कोराकागद, कट्टर नास्तिक. त्याचं फुलांचं दुकान होतं. "देवाधर्माच्या ऑर्डरींवरच घर चालतं माझं," तो म्हणाला, "त्यामुळे मला आतली माहिती आहे." आणि त्या ठेंगण्या बाई, पोस्टातून निवृत्त झालेल्या, त्या होत्या एकखिडकी.

विक्रेत्याला घाम फुटला. या बाईंना तो चार वर्षं 'अरे' म्हणत होता. त्यांच्या मेंदूला बुरशी आली आहे असं त्याने एकदा चित्रासह दाखवलं होतं.

"बुरशी तुम्हीच म्हणालात ना?" बाईंनी विचारलं.

"हो... मीच."

"वाटत नाही," बाई म्हणाल्या. "ते जिवंत असते तर दुसरं चित्र दाखवलं असतं." आणि त्यांनी पर्समधून रुमाल काढला. "चार वर्षं, सकाळी उठले की आधी मी त्यांचं उत्तर वाचायचे. मग चहा. आता चर्चेला कुलूप लागलंय. मी जिंकले म्हणे. जिंकून काय करायचं असतं हो?"

"अहो ताई, मी खरंच जिवंत आहे."

"पुरावा?" कोराकागद म्हणाला.

"समोर उभा आहे की!"

"शरीर उभं आहे," पायधूळ म्हणाले. "आत कोण आहे हा खरा प्रश्न."

"हे बघा, आत-बित काही नसतं," कोराकागद खवळला.

"आत काही नसतं तर मग फुलं कुणासाठी आणलीत?"

"फुलं शिल्लक होती!"

दोघं डबल गादीच्या दोन बाजूंना उभे राहून तावातावाने भांडायला लागले. बाईंनी पुष्पचक्र उचललं आणि इकडेतिकडे बघून, जागा न सापडल्यामुळे, विक्रेत्याच्या गळ्यात घातलं. "तात्पुरतं," त्या म्हणाल्या.

मालक गल्ल्यावरून उठले, फोन कानाला लावून दाराशी गेले. "वहिनी, जरा येता का दुकानात? ह्याला श्रद्धांजली वाहायला माणसं आलीत. नाही नाही, आहे तो. फुलं घालून उभा आहे. गिऱ्हाईक खोळंबलंय माझं."

"एकच उपाय," कोराकागद म्हणाला. "मी एक वाक्य बोलतो. खरा वज्रलेप असेल तर त्याला गप्प बसता येणार नाही." त्याने घसा खाकरला. "सगळे ब्राउझर सारखेच असतात."

विक्रेत्याच्या मानेची शीर उडाली. उत्तर तयार होतं, आठ मुद्दे होते, नववा सुचत होता. त्याने पुष्पचक्राच्या काठाला घट्ट धरलं. आता बोललो तर जिवंत ठरू. पण ज्याच्यावर बायको रुसून गेली तोच पुन्हा जिवंत होईल.

"असतील," तो म्हणाला.

बाईंना हुंदका फुटला. पायधूळांनी मान खाली घातली. "गेले," ते म्हणाले.

त्याच वेळी बाहेर, टपावर शिकाऊ गाडीची पाटी असलेली मोटार येऊन थांबली. मागच्या सीटवर काळा चष्मा घातलेल्या सासूबाई बसल्या होत्या. बायको आत आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या गळ्यातल्या फुलांकडे पाहिलं, रडणाऱ्या बाईंकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"हे गेले," बाई म्हणाल्या. "चुकलं म्हणाले आणि गेले."

"कुणाला म्हणाला चुकलं?" बायकोचा आवाज वर गेला. "तुम्हाला? परक्या माणसांना? मी इतके दिवस तिकडे वाट बघतेय आणि हा तुम्हाला म्हणाला?"

"सराव करत होतो," तो म्हणाला.

"मग दाखव. झालाय ना सराव?"

भांडणारे दोघं थांबले. मालकांनी गल्ला बंद केला. विक्रेत्याने तोंड उघडलं.

"माझं," तो म्हणाला. आणि मग, "चुकलं."

आता कुणी श्वास घेईना, कारण इतक्या वर्षांच्या अनुभवाने तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं की पुढे 'पण' येणार. 'पण' खरंच आला होता. छातीतून गळ्यापर्यंत चढला होता. विक्रेता लाल झाला, निळसर झाला, डोळ्यांत पाणी आलं. पायधूळांनी त्याच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला. मग त्याने घोट गिळला, आणि 'पण' खाली गेला. गेल्याचं गळ्यावरून दिसलं.

बायकोची खात्री पटली नव्हती. गाडी शिकवणारी माणसं अशीच असतात, सरळ रस्त्यावर पास करत नाहीत.

"आईला तपासायला न्यायचंय आज," ती सहज म्हणाली. "उजवा डोळा. येतोस?"

ऑपरेशन डाव्या डोळ्याचं झालं होतं.

हे त्याला पक्कं माहीत होतं. ती चुकतेय, आणि ती चुकतेय असं सांगितलं तर तो पुन्हा तोच. नुसतं 'हो' म्हणून टाकलं तर घरी स्वयंपाकाचा वास येईल, उशी दबेल, सगळं होईल. कोराकागदाने त्याला डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण. पायधूळांनीही मान हलवली. कट्ट्याच्या इतिहासात या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

त्याला तो चादरींचा गठ्ठा आठवला. त्यावर बसलेल्या सासूबाई, आणि त्यांच्या पट्टीची बाजू.

"डावा," तो अगदी हळू म्हणाला. "आईंचा डावा डोळा."

"अरेरे," मालक म्हणाले.

बायकोने गाडीची चावी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "डावाच," ती म्हणाली. "हो म्हणाला असतास तर मी एकटीच गेले असते. नुसतं होला हो करणारा नवरा घेऊन काय करू? चल. आणि ते फुलांचं काढ, आई घाबरेल."

तो निघाला. दारातून वळून एकखिडकीबाईंना म्हणाला, "ताई, चर्चेला कुलूप लागलंय, पण नवीन काढता येते. मी तुम्हाला बुरशी म्हणायला नको होतं."

"नको होतं," बाई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा जरा उजळला. "टॅबच्या बाबतीत मात्र तुमचंही थोडं..."

"नाही ताई. आज नाही."

फोन खणातच राहिला. दुकानात पायधूळ आणि कोराकागद पुन्हा सुरू झाले होते, फक्त आता आडवे होऊन. संध्याकाळी दोघांनी एकेक गादी घेतली असं मालक नंतर सांगत होते. एकाने कडक घेतली, एकाने मऊ.

दवाखान्यात सासूबाईंना आत नेलं आणि हे दोघं बाहेरच्या बाकावर बसले. सासूबाईंचा चष्मा त्याच्या खिशात नव्हता, हातात होता. शेजारचा एक तरुण फोनवर कुणाला तरी मोठ्याने सांगत होता की टॅब जास्त उघडले की बॅटरी वाढते. विक्रेत्याने भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघायला सुरुवात केली.

स्पीकर खरखरला. "खर्र्र... बाई... खर्र... आत या."

तो ताडकन उठला, आत गेला आणि एका बाईंचा हात धरला. त्या म्हणाल्या, "तू कोण रे बाबा?" तो परत येऊन बसला. पुन्हा खरखर झाली. पुन्हा उठला. या वेळी एक आजोबा होते. तेसुद्धा यायला तयार होते.

तिसऱ्यांदा तो परत आला तेव्हा बायको स्पीकरकडे बघत होती. छताला लटकलेला, एका बाजूने फाटलेला, जुना स्पीकर. त्यातून कुणाचंच नाव कळत नव्हतं. कुणाच्या बापालाही कळलं नसतं.

"पुकारा खरंच स्पष्ट नाहीये," ती म्हणाली.

सात मुद्दे, दोन उपमुद्दे आणि एक अहवाल त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन रांगेत उभे राहिले.

"नसेल," तो म्हणाला, आणि स्पीकर खरखरला तसा पुन्हा उठला.

या वेळी सासूबाईच होत्या. भिंतीला हात लावून उभ्या होत्या. त्याने आधी चष्मा दिला, मग हात.